मराठी विज्ञानकथेतील विश्वप्रवास

मराठी विज्ञानकथेतील विश्वप्रवास हा आधुनिक मराठी कथासाहित्यातील एक महत्त्वाचा विषय आहे. पृथ्वी सोडून चंद्र, ग्रह, तारे, कृष्णविवरे किंवा समांतर विश्वे यांच्याकडे होणारा कल्पित प्रवास, तसेच बाहेरच्या विश्वातून पृथ्वीकडे येणारे पाहुणे, संदेश आणि संकटे यांवरील कथा-कादंबऱ्यांचा यात समावेश होतो. या साहित्याला प्रामुख्याने तीन स्रोतांतून प्रेरणा मिळाली : संस्कृत पुराणे व अभिजात काव्य, युरोपीय विज्ञानकथांचे मराठी अनुवाद आणि विसाव्या शतकातील खगोलभौतिकी. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कथांमध्ये हे तीनही प्रवाह एकत्र आलेले आढळतात. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासात त्यांच्या लेखनाला मध्यवर्ती स्थान आहे.

स्वरूप

स्वर्ग, पाताळ, नक्षत्रलोक येथील प्रवासाची वर्णने भारतीय साहित्यात प्राचीन काळापासून आहेत. तथापि, प्रत्येक आकाशप्रवासाला विज्ञानकथा म्हणता येत नाही. विज्ञानकथेतील प्रवाशाला निसर्गनियमांचे बंधन असते. प्रवासाला किती काळ लागेल, किती ऊर्जा खर्च होईल, वाटेत कोणता धोका उद्भवेल आणि परत येणे शक्य आहे का, या प्रश्नांची उत्तरे लेखकाला ज्ञात विज्ञानाच्या आधारे किंवा त्याच्याशी सुसंगत अशा तर्काने द्यावी लागतात. लेखक एखादी गोष्ट गृहीत धरू शकतो. परंतु ती एकदा गृहीत धरल्यावर तिचे परिणाम त्याला टाळता येत नाहीत. अद्भुतकथेत वर, शाप किंवा मंत्र जे कार्य करतात, ते विज्ञानकथेत नियम आणि त्याचे परिणाम करतात.

पौराणिक व अभिजात पूर्वसूत्रे

महाभारताच्या वनपर्वात अर्जुन इंद्राच्या रथातून, मातली सारथ्य करीत असताना, इंद्रलोकी जातो. वाटेत त्याला सूर्यचंद्रांच्या प्रकाशावर अवलंबून नसलेले, स्वतःच्या तेजाने प्रकाशणारे लोक दिसतात. पृथ्वीवरून दिव्यांप्रमाणे लहान दिसणारे तारे प्रत्यक्षात फार मोठे असून केवळ अंतरामुळे लहान भासतात, असा उल्लेख या वर्णनात आहे. हे तारे म्हणजे पुण्यवान पुरुष होत, असे मातली अर्जुनाला सांगतो. एकाच प्रसंगात निरीक्षणातून केलेला तर्क आणि धार्मिक कल्पना अशा प्रकारे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

काळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची कथा ककुद्मी व रेवती यांची आहे. ती विष्णुपुराणात व भागवतात येते. राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासाठी योग्य वर कोण, हे विचारण्यास ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असल्याने तो थोडा वेळ थांबतो. प्रश्न विचारताच ब्रह्मदेव हसून सांगतो, की दरम्यान पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली असून राजाच्या मनातील सर्व वर केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले आहेत. एका चतुर्युगाची ४३ लाख २० हजार वर्षे धरल्यास हा काळ ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षांचा होतो. पुढे रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. प्रवासी परत येतो तेव्हा त्याचे जग उरलेले नसते, ही आधुनिक अंतराळकथेत वारंवार येणारी व्यथा या कथेत स्पष्टपणे आढळते.

अभिजात काव्यात कालिदासाच्या ‘मेघदूता’चे स्थान वेगळे आहे. रामगिरीवरचा विरही यक्ष मेघाला अलकानगरीचा मार्ग सांगतो. रामगिरी म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेक, असे परंपरेने मानले जाते. रेवा, विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, कैलास असा हा मार्ग आकाशातून पाहिल्यासारखा वर्णिलेला असून त्याचा भौगोलिक क्रम बहुतांशी सुसंगत आहे. प्रवास कल्पित असला तरी नकाशा खरा असावा, हा विज्ञानकथेला उपयोगी पडणारा गुण या काव्यात दिसतो.

अनुवादयुग

मराठीतील चंद्रप्रवासाची पहिली आधुनिक कथा अनुवादरूपाने आली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ या मासिकात १९०० मध्ये ‘चंद्रलोकची सफर’ ही कथा क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ती फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीवर आधारलेली होती. मूळ कादंबरी १८६५ मध्ये व तिचा उत्तरार्ध १८७० मध्ये प्रसिद्ध झाला होता.

व्हर्न यांच्या कादंबरीत तीन प्रवासी एका पोकळ गोळ्यात बसतात आणि फ्लोरिडा येथे जमिनीत उभारलेल्या सुमारे ९०० फूट लांबीच्या तोफेतून चंद्राकडे फेकले जातात. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी लागणारा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर असतो, हे व्हर्न यांनी ध्यानात घेतले होते. मात्र २७० मीटरच्या नळीत हा वेग गाठायचा, तर प्रवाशांवर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून अधिक त्वरणाचा आघात होईल व ते तत्क्षणी मरतील. व्हर्न यांचे वाचक असलेले रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये अग्निबाणाच्या गतीचे समीकरण मांडले. अग्निबाणाचा वेग हळूहळू वाढत असल्याने ही अडचण दूर होते. एका कादंबरीतील चूक शोधण्याच्या प्रयत्नातून पुढचे विज्ञान कसे स्पष्ट होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पुढील काळात भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्न यांच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांत ‘चंद्रावर स्वारी’ ही चंद्रप्रवासाची कादंबरी आहे. ‘बालमित्र’चे संपादक आणि ‘फास्टर फेणे’चे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागवतांच्या चुरचुरीत, बोलक्या भाषेमुळे अंतराळप्रवास ही कल्पना मराठी कुमारवयीन वाचकांच्या परिचयाची झाली.

स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा आरंभ सामान्यतः श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ (१९११) या कथेपासून मानला जातो. द. पां. खांबेटे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकारात लक्षणीय लेखन केले. ‘नवल’सारख्या मासिकांनी अद्भुत व वैज्ञानिक कथांना जागा दिली. तरीही विज्ञानकथा ही मनोरंजनाची किंवा मुलांसाठीची गोष्ट, हा समज दीर्घकाळ टिकून राहिला.

वाचकांची पूर्वतयारी

कथेतील आकाश समजण्यासाठी वाचकाला खऱ्या आकाशाची ओळख असावी लागते. ही ओळख मराठी वाचकाला वैचारिक गद्याने करून दिली. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ या पुस्तकात ग्रह-नक्षत्रांची माहिती घरच्या अंगणात बसून सांगावी अशा रीतीने दिली. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरील ग्रंथ विद्वन्मान्य आहे. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक १९२८ पासून विज्ञानविषयक लेखन प्रसिद्ध करू लागले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने पत्रिका, अधिवेशने आणि विज्ञानकथा स्पर्धा यांच्या द्वारे या परंपरेला संस्थात्मक आधार दिला. १९६९ मध्ये मानवाने चंद्रावर पाऊल ठेवल्यानंतर चंद्रप्रवास हा कल्पनेचा विषय राहिला नाही व कथालेखकांना अधिक दूरची ठिकाणे शोधावी लागली.

जयंत नारळीकर आणि ‘कृष्णविवर’

जडणघडण

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांनी व्यापक सापेक्षतावादावर संशोधन केले होते. आई सुमती या संस्कृतच्या जाणकार होत्या. सापेक्षतावाद आणि संस्कृत साहित्य ही दोन्ही घरातच उपलब्ध असणे हे त्यांच्या पुढील कथालेखनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरले. १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले व १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला.

हॉइल स्वतः विज्ञानकथालेखक होते. त्यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीत सूर्यमालेत शिरलेला एक आंतरतारकीय मेघ बुद्धिमान असल्याचे आढळते. प्रयोगशाळा, परिषदा, शास्त्रज्ञांचे आपसांतील वाद आणि शासनाशी होणारे त्यांचे खटके यांचे त्यातील चित्रण अनुभवातून आलेले आहे. प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्या व्यक्तीने कथा लिहिल्यास तिला वेगळी विश्वसनीयता येते, याचा आदर्श नारळीकरांसमोर होता.

कथेचा जन्म

नारळीकर १९७२ मध्ये भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. अहमदाबाद येथील एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना त्यांनी पहिल्या कथेचे लेखन सुरू केले. ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी पाठविली. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेतले. त्यांच्या स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेतली असता ही आद्याक्षरे मिळतात. हस्ताक्षर ओळखू येऊ नये, यासाठी पत्नी मंगला नारळीकर यांनी कथेची प्रत लिहून दिली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कऱ्हाड येथील मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. त्यामुळे या प्रकाराकडे साहित्यिक वर्तुळाचे लक्ष वेधले गेले.

हा विषय लेखकाच्या तत्कालीन संशोधनाशी निकटचा होता. १९७४ मध्येच नारळीकर, अप्पाराव व नरेश दधीच यांचा श्वेतविवरांतून बाहेर पडणाऱ्या उच्च ऊर्जेच्या प्रारणाविषयीचा शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. श्वेतविवर ही कृष्णविवराच्या उलट दिशेची सैद्धान्तिक कल्पना आहे.

नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा पहिला कथासंग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ व ‘व्हायरस’ ही त्यांची नंतरची पुस्तके होत.

वैज्ञानिक आधार

अंतर

विश्वप्रवासाच्या कथेतील पहिला अडथळा अंतराचा असतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ मध्ये सोडलेले ‘व्हॉयेजर १’ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने हे अंतर कापण्यास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. संदेशांचीही हीच अडचण आहे. १९७४ मध्ये अरेसिबो येथील दुर्बिणीतून सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम १३ या तारकागुच्छाच्या दिशेने रेडिओ संदेश पाठविण्यात आला. त्याला उत्तर मिळालेच, तर ते ५० हजार वर्षांपूर्वी येऊ शकत नाही.

वेग आणि काळ

आइन्स्टाइन यांच्या १९०५ मधील विशिष्ट सापेक्षतावादानुसार वेगाने जाणाऱ्या प्रवाशाचा काळ मंद गतीने जातो. यानाचा वेग प्रकाशवेगाच्या ८० टक्के असेल, तर वरील ताऱ्यापर्यंतच्या प्रवासाला पृथ्वीवरील घड्याळानुसार ५.३ वर्षे, तर प्रवाशाच्या घड्याळानुसार सुमारे ३.२ वर्षे लागतील. वेग ९९ टक्के झाल्यास पृथ्वीवरील सात वर्षांत प्रवाशाचे एकच वर्ष जाते.

कृष्णविवराजवळचा काळ

व्यापक सापेक्षतावादानुसार गुरुत्वाकर्षणामुळेही काळ मंदावतो. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती उत्तरातून, वस्तुमान किती लहान जागेत एकवटल्यास त्यातून प्रकाशही बाहेर पडू शकणार नाही, हे काढता येते. सूर्यासाठी ही त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर आणि पृथ्वीसाठी सुमारे ९ मिलिमीटर आहे. या त्रिज्येच्या एक-तृतीयांशाने अधिक अंतरावर एखादे यान इंजिनाच्या बळावर स्थिर राहिले, तर यानातील एका तासात दूरच्या निरीक्षकाचे दोन तास जातात. जसजसे कृष्णविवराच्या सीमेजवळ जावे, तसतसा हा फरक वाढत जातो.

येथे कथालेखकाला एक पथ्य पाळावे लागते. स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीची सर्वांत जवळची स्थिर कक्षा या त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. तेथे यानाच्या एका तासात बाहेरचे सुमारे १.४ तास जातात. इंजिनाचा वापर न करता याहून मोठा फरक दाखवायचा असल्यास कृष्णविवर वेगाने फिरणारे असावे लागते. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटात एका ग्रहावरील एक तास पृथ्वीवरील सात वर्षांइतका दाखविला आहे. त्यासाठी शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न यांना कमाल मर्यादेच्या अगदी जवळच्या वेगाने फिरणारे कृष्णविवर कल्पावे लागले.

निवडक कथा

गंगाधरपंतांचे पानिपत

या कथेतील प्रवास ताऱ्यांकडे होत नाही. तो एका विश्वातून दुसऱ्या विश्वात होतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, की जेथे १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईत मराठे विजयी झालेले असतात. आपल्या इतिहासात विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांना चाटून जाते. पुरावा म्हणून गंगाधरपंतांजवळ त्या जगातील बखरीचे एक पान उरते. कथेचा साहित्यिक स्रोत ‘भाऊसाहेबांची बखर’ आणि पानिपताविषयी मराठी मनात असलेली सल हा आहे. वैज्ञानिक स्रोत दोन आहेत : परिस्थितीतील सूक्ष्म बदलाने निष्पत्ती एकदम पालटते असे सांगणारा आपत्ती सिद्धान्त, आणि एकाच घटनेच्या अनेक शक्यता मान्य करणारे पुंजयामिकी. या कथेचे इंग्रजी रूप इयत्ता अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती मराठीबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली.

धूमकेतू

येथे प्रवास उलट दिशेने होतो. एका हौशी खगोलनिरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणिताने सिद्ध होते. शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येऊन अंतराळात स्फोट घडवून त्याचा मार्ग बदलतात. त्याच वेळी निरीक्षकाच्या घरी संकट टळावे म्हणून यज्ञ होतो आणि संकट टळल्याचे श्रेय घरातील मंडळी यज्ञाला देतात. विज्ञानाचा उपाय यशस्वी होतो. परंतु वैज्ञानिक दृष्टी घरातही रुजलेली नसते, ही खंत कथेच्या केंद्रस्थानी आहे.

वामन परत न आला

या कादंबरीच्या नावात विष्णूच्या पाचव्या अवताराचा संदर्भ आहे. लहानशा बटूने तीन पावलांत त्रैलोक्य व्यापावे, त्याप्रमाणे माणसाने निर्माण केलेले छोटे बुद्धिमान यंत्र आपल्या निर्मात्यावरच मात करू शकेल, ही भीती त्यात व्यक्त झाली आहे. उत्खननात सापडलेल्या प्रगत प्राचीन संस्कृतीच्या ज्ञानसंचयातून कथा उलगडते. भूतकाळातून आलेला हा संदेश परग्रहावरील संदेशासारखाच अपरिचित व धोकादायक ठरतो.

परिभाषा

विश्वप्रवासाच्या कथांनी मराठी वैज्ञानिक परिभाषा सामान्य वाचकांपर्यंत नेली. कृष्णविवर, दीर्घिका, तेजोमेघ, प्रकाशवर्ष, सापेक्षतावाद, अंतराळयान हे शब्द पाठ्यपुस्तकांत होतेच. कथेत पात्रांच्या तोंडी आल्यावर ते बोलीत रुळले. ‘कृष्णविवर’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. मूळ इंग्रजी संज्ञा भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांच्यामुळे १९६७ नंतर रूढ झाली. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत तिचा संस्कृतोद्भव प्रतिशब्द मराठी कथेचे शीर्षक म्हणून वापरला गेला. जुने शब्द नव्या अर्थाने वापरण्याची प्रथाही या साहित्याने पुढे नेली. धूमकेतू, ध्रुव, त्रिशंकू (दक्षिण आकाशातील तारकासमूह) अशा शब्दांना पौराणिक स्मृती व वैज्ञानिक अर्थ दोन्ही आहेत.

कथेकडून विज्ञानाकडे

विज्ञानातून कथेला विषय मिळतात, तसे कथेतून विज्ञानालाही प्रश्न मिळतात. कार्ल सेगन यांनी ‘कॉन्टॅक्ट’ (१९८५) ही कादंबरी लिहिताना ताऱ्यांमधील जलद प्रवासाचा शास्त्रशुद्ध मार्ग किप थॉर्न यांना विचारला. त्या प्रश्नाच्या अभ्यासातून थॉर्न व मायकेल मॉरिस यांनी १९८८ मध्ये प्रवासयोग्य कृमिविवरांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

बाहेरच्या विश्वातून जीवसृष्टी पृथ्वीवर येत असेल का, हा हॉइल व चंद्रा विक्रमसिंघे यांच्या संशोधनाचा विषय होता. नारळीकरांच्या पुढाकाराने भारतीय शास्त्रज्ञांनी तो प्रयोगाने तपासला. २००१ व २००५ मध्ये हैदराबाद येथून सोडलेल्या बलूनद्वारे उंचावरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. हे नमुने जास्तीत जास्त ४१ किलोमीटर उंचीवरचे होते. २००५ च्या नमुन्यांत सापडलेल्या जीवाणूंच्या तीन नव्या प्रजातींपैकी एकीला हॉइल यांच्या स्मरणार्थ ‘जॅनिबॅक्टर हॉइलेई’ असे नाव देण्यात आले. हे जीवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत, असा निष्कर्ष या प्रयोगातून सिद्ध झालेला नाही.

‘धूमकेतू’ कथेतील कल्पनेला समांतर असा प्रयोग २६ सप्टेंबर २०२२ रोजी झाला. अमेरिकेच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस या लहान खगोलीय वस्तूवर मुद्दाम धडक दिली. त्यामुळे तिचा परिभ्रमणकाळ सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला. येथे स्फोटकांचा वापर झाला नव्हता. केवळ धडकेचा आघात पुरेसा ठरला.

पुराणकथा आणि विज्ञान यांचा संबंध

ककुद्मी-रेवतीची कथा आणि सापेक्षतावादातील काळाचे मंदावणे यांतील साम्य अनेकदा दाखविले जाते. त्यावरून प्राचीन भारतीयांना सापेक्षतावाद माहीत होता, असा दावाही केला जातो. या दाव्याची तपासणी करताना कथा आणि सिद्धान्त यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. पुराणकथेत ब्रह्मलोकातील काळ पृथ्वीवरील काळापेक्षा वेगळा आहे, एवढेच सांगितले आहे. तो किती वेगळा आहे, हे वेगावर किंवा गुरुत्वाकर्षणावर कसे अवलंबून आहे, याचा नियम तेथे नाही. सापेक्षतावादात तो नियम आहे आणि अणुघड्याळे विमानातून व उपग्रहातून नेऊन त्याची पडताळणी झालेली आहे. कल्पनेतील साम्य हे ज्ञानाचा पुरावा ठरत नाही.

नारळीकरांची भूमिका या बाबतीत स्पष्ट होती. त्यांनी यक्ष, वामन, भस्मासुर ही नावे प्रतीक म्हणून मुक्तपणे वापरली. परंतु पुराणांतील विमाने व अस्त्रे यांना प्राचीन तंत्रज्ञानाचा पुरावा मानण्यास नकार दिला. एखाद्या ज्ञानाचा दावा करायचा, तर त्यामागील गणित, साधने व निर्मितीची कृती दाखविता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. फलज्योतिषाचीही त्यांनी अशीच परीक्षा घेतली. नरेंद्र दाभोलकर यांच्या सहकार्याने झालेल्या चाचणीत ज्योतिषांना बुद्धिमान व मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखण्यास सांगितले होते. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांचे अचूकतेचे प्रमाण ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा अधिक नव्हते.

ही भूमिका परंपरेला कमी लेखणारी नाही. रेवतीच्या कथेचे मोल तिच्यातील मानवी अनुभवात आहे. परत आल्यावर आपल्या ओळखीचे कोणीही उरलेले नसणे, ही वेदना समजण्यास समीकरण लागत नाही. विज्ञानकथा ती वेदना परंपरेकडून घेते आणि तिचे कारण विज्ञानाकडून.

समीक्षा

या साहित्यावर काही आक्षेपही घेतले गेले आहेत. वैज्ञानिक संकल्पना समजावून देण्यासाठी संवादांचा व्याख्यानासारखा उपयोग होतो, पात्रे कल्पनेची वाहक बनतात आणि स्त्रीपात्रांना वाव कमी मिळतो, हे त्यांतील प्रमुख आक्षेप होत. नव्या संज्ञांची ओळख नसलेल्या वाचकासाठी स्पष्टीकरण अपरिहार्य होते, असे त्यांचे समर्थनही केले जाते. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्यासारख्या लेखकांनी पुढे जीवशास्त्र, वैद्यक, मानवी मन व समाज हे विषय हाताळून मराठी विज्ञानकथेचा परीघ विस्तारला. अरुण साधू यांनी ‘विप्लवा’ या कादंबरीद्वारे या प्रकारात लेखन केले.

वारसा

नारळीकर हे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक होते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी या संस्थेच्या वास्तूत खगोलीय संकल्पनांना आकार दिला. मधल्या कुंडात पायऱ्या व दगड यांची रचना असून आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पुणे जिल्ह्यातील खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण कार्यरत आहे. आकाशातून येणारे रेडिओ तरंग टिपणारी यंत्रणा ही एकेकाळी मराठी वाचकाने केवळ कथेत वाचलेली गोष्ट आता जुन्नर तालुक्यातील शेतांमध्ये उभी आहे.

नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. विज्ञानकथा ही साहित्याच्या मुख्य प्रवाहातील असल्याची ती औपचारिक मान्यता मानली जाते. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.